हात, फळी आणि तार : अस्थिसंधानाच्या विद्येविषयी काही विचार

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



सुवर्णमहोत्सवासारख्या मंगल प्रसंगी मोडलेल्या हाडांविषयी बोलावयास उभे राहावे, हे आपणांपैकी कित्येकांस चमत्कारिक वाटेल. या व्यासपीठावरून संतवाङ्मयावर बोलले जाते, नाट्यसंगीतावर बोलले जाते, शिवकालावर बोलले जाते. आणि ते योग्यच आहे. तरीही आम्ही हा विषय मुद्दाम निवडला, त्याचे कारण आपल्या सर्वांच्या परिस्थितीत आहे. आपण नोकरीधंद्यानिमित्त घरापासून शेकडो कोस दूर येऊन राहिलेली माणसे. गावाकडे कोणाचा हात मोडला, तर कोणाकडे जावे हे सांगावयास काका असतात, मामा असतात, आळीतले चार वडीलधारे असतात. बदलीच्या गावी यांपैकी कोणी नसते. म्हातारी आई न्हाणीघरात घसरते, मुलगा झोपाळ्यावरून पडतो, आणि घरातल्या कर्त्या माणसाला अर्धवट समजणाऱ्या भाषेत तासा-दोन तासांत निर्णय घ्यावा लागतो. एक शेजारी म्हणतो, "अमुक गावी पट्टी बांधणारा आहे, तेथे न्या, इस्पितळात गेलात तर कापतील." दुसरा म्हणतो, "ते अडाणी लोक, हात कायमचा घालवतील. थेट शस्त्रक्रिया करून घ्या." दोघांचेही म्हणणे कळकळीचे असते आणि दोघांपाशीही अर्धेच सत्य असते.

आम्ही ना डॉक्टर, ना वैद्य. सरकारी कचेरीत आयुष्य घालविलेले एक जिज्ञासू वाचक, एवढाच आमचा अधिकार. तेव्हा येथे आम्ही उपचार सांगणार नाही. हाड जोडण्याची विद्या कशी वाढली, हाताने हाड बसविणारे आणि शस्त्राने हाड जोडणारे यांचे भांडण कसे झाले, ते काही ठिकाणी कसे मिटले आणि त्यातून आपण गृहस्थांनी काय घ्यावे, एवढेच सांगण्याचा विचार आहे.

प्रथम एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. हाड कोणीही जोडीत नाही; ते आपले आपण जुळते. हाड मोडले की त्या जागी रक्त साकळते. त्या साकळलेल्या रक्तातूनच पुढे मऊ, कूर्चेसारखा सांधा तयार होतो. काही आठवड्यांत त्यात चुना भरून तो कठीण होतो, आणि नंतर कित्येक महिने, कधी वर्षे, निसर्ग त्या ओबडधोबड जोडाला तासून मूळच्या आकाराजवळ आणीत असतो. लहान मुलाचे मनगट तीन-चार आठवड्यांत जुळून येते. प्रौढ माणसाच्या नडगीच्या हाडाला तीन-चार महिने सहज लागतात. वैद्याने करावयाचे ते तीन गोष्टींपुरते असते : सरकलेले तुकडे जागेवर आणणे, जुळेपर्यंत ते जागेवर राखणे, आणि या अवधीत आजूबाजूचे स्नायू व सांधे निकामी होऊ न देणे. पहिल्या दोन गोष्टी सर्वांच्या ध्यानात येतात. तिसरी मात्र वारंवार विसरली जाते. अस्थिचिकित्सेचा गेल्या दोनशे वर्षांचा इतिहास पाहिला, तर तो बहुतांशी या तिसऱ्या गोष्टीच्या विस्मरणाचा आणि स्मरणाचा इतिहास आहे, असे आम्हांस वाटते.

आपल्याकडे या विद्येचा पाया फार जुना आहे. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात भग्नाचे दोन वर्ग केले आहेत : सांधा निखळणे तो संधिमुक्त, आणि हाडाचा दांडा मोडणे तो कांडभग्न. पहिल्याचे सहा प्रकार आणि दुसऱ्याचे बारा प्रकार त्या ग्रंथात वर्णिले आहेत. चिकित्सास्थानात उपचार येतो. अंग ओढून ताणावे, वर आलेला भाग दाबावा, खाली गेलेला उचलावा, तुकडे एकमेकांस भिडवावेत आणि मग बांधावे, असा हा क्रम आहे. बांधण्यासाठी वड, उंबर, पिंपळ, पळस, मोह, अर्जुन यांच्या साली आणि बांबूच्या कामट्या सांगितल्या आहेत. मांडी किंवा पाय मोडलेल्या रोग्याला फळीवर निजवून, बाजूंस खुंट्या ठोकून अंग हलणार नाही अशी योजनाही त्यात आहे.

परंतु आम्हांस सर्वांत मोलाची वाटते ती त्यातील बंधनाविषयीची सूचना. बंध सैल राहिला तर जोड स्थिर राहत नाही. फार आवळला तर सूज, वेदना आणि पू होतो. म्हणून बंध मध्यम असावा, असे सुश्रुत सांगतो. इतकेच नव्हे, तर थंडीच्या ऋतूत सात दिवसांनी, समशीतोष्ण काळात पाच दिवसांनी आणि उन्हाळ्यात तीन दिवसांनी पट्टी सोडून पाहावी, असेही तो म्हणतो. बांधून विसरून जाणे त्याला मान्य नाही. तरुणाचे हाड जेवढ्या काळात जुळते त्याच्या दुप्पट काळ मध्यम वयात आणि तिप्पट काळ म्हातारपणी लागतो, हेही त्याने नोंदविले आहे. शेकडो मोडलेली हाडे हाताळल्यावाचून असे लिहिता येत नाही.

पुढे हे ज्ञान ग्रंथांतून निघून घराण्यांच्या हातांत गेले. महाराष्ट्रात गावोगाव हाडवैद्य होते आणि अजूनही आहेत. दक्षिणेत राहणाऱ्या आपणांस आंध्रातील पुत्तूरचे नाव ठाऊक असेलच. तेथील राजू घराण्याची पट्टी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून प्रसिद्ध असून पाला, अंड्यातील पांढरा भाग, कापड आणि बांबूच्या कामट्या ही तिची सामग्री आहे. केरळात कळरीच्या आखाड्यांतून मर्मचिकित्सा आणि हाड बसविण्याची विद्या एकत्रच शिकविली जाते. या मंडळींकडे लोक आजही मोठ्या संख्येने जातात. खर्च कमी, भाषा ओळखीची, कापाकापीचे भय नाही आणि पिढ्यान्‌पिढ्यांचा विश्वास, ही त्याची कारणे आहेत. त्यांतील चांगल्या माणसांच्या बोटांना जे कळते, ते पुष्कळ पदवीधरांच्या बोटांना कळत नाही, हे खरे आहे. आणि त्याच परंपरेत, क्ष-किरणाचे चित्र न काढता, सुजलेल्या कोपराला करकचून पट्टी बांधल्याने मुलांचे हात कायमचे गेले आहेत, हेही तितकेच खरे आहे. त्या धोक्याकडे आम्ही पुढे येऊच.

हाडवैद्य हा केवळ पौर्वात्य देशांचाच विशेष, अशी आपली समजूत असेल तर ती दूर करावयास हवी. इंग्लंड-वेल्समध्येही हाडवैद्यांची घराणी होती. वेल्समधील अँगलसी बेटावरील अशाच एका घराण्यातील इव्हान थॉमस हा लिव्हरपूलला येऊन हाडे बसवू लागला. पदवी नसल्याने डॉक्टर मंडळींनी त्याला वारंवार कोर्टात खेचले. त्याने शहाणपणाने आपल्या पाचही मुलांना वैद्यकाच्या पदव्या मिळवावयास पाठविले. त्यांपैकी ह्यू ओवेन थॉमस (१८३४–१८९१) याने बापाचे हातकौशल्य आणि विद्यापीठाचे शास्त्र एकत्र आणले. मांडीचे हाड ताणून स्थिर ठेवणारा जो सांगाडा 'थॉमस स्प्लिंट' म्हणून आज सर्व इस्पितळांत आढळतो, तो त्याचाच. त्याचा भाचा रॉबर्ट जोन्स याने पहिल्या महायुद्धात हा सांगाडा रणांगणावर पोहोचविला, आणि मांडीच्या हाडाला गोळी लागून मरणाऱ्या सैनिकांची संख्या फार मोठ्या प्रमाणावर घटली. लंडनच्या जेम्स पॅजेटसारख्या मान्यवर शल्यविशारदाने १८६७ मध्ये आपल्या विद्यार्थ्यांपुढे हाडवैद्य बरे करतात त्या रोग्यांवर एक व्याख्यान दिले. आपल्या हातून बरे न झालेले काही रोगी त्यांच्या हातून का बरे होतात, हा प्रश्न त्याने मोकळेपणाने विचारला. ज्यास आधुनिक अस्थिशास्त्र म्हणतात, त्याच्या एका मुळाशी हाडवैद्याचे घर आहे, हे आपण विसरू नये.

एकोणिसाव्या शतकाने या विद्येला दोन देणग्या दिल्या. हॉलंडचा लष्करी शल्यविशारद मॅथायसन याने १८५२ च्या सुमारास प्लास्टरची भुकटी चोळलेल्या पट्ट्या प्रचारात आणल्या. आणि १८९५ च्या नोव्हेंबरात राँटगेनला क्ष-किरणांचा शोध लागला. प्लास्टरने हाड घट्ट धरता येऊ लागले आणि क्ष-किरणांनी ते दिसू लागले. यानंतर हाताची विद्या मागे पडली यात नवल नाही. मोडलेल्या जागेच्या वरचा एक व खालचा एक असे दोन्ही सांधे प्लास्टरमध्ये बंदिस्त करावेत, हा नियम झाला. हाड जुळे, परंतु तीन महिन्यांनी प्लास्टर काढले की गुडघा वाकत नसे, बोटे मिटत नसत, दंड काठीसारखा वाळलेला असे. उपचारानेच जडणाऱ्या या पंगुत्वाला अस्थितज्ज्ञांनी पुढे 'फ्रॅक्चर डिसीज' असे नावही दिले. तिसऱ्या गोष्टीचे विस्मरण आम्ही म्हणालो, ते हेच.

या दुखण्यावर उपाय शोधणारे दोन प्रयत्न योगायोगाने एकाच वर्षाशी निगडित आहेत. ते वर्ष १९५८. त्या वर्षी स्वित्झर्लंडमध्ये मॉरिस म्युलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 'ए. ओ.' नावाचा अभ्यासगट स्थापिला. हाड उघडे करून, तुकडे तंतोतंत जुळवून, धातूची पट्टी आणि स्क्रू यांनी ते इतके पक्के करावे की प्लास्टर लागूच नये आणि रोग्याने लगेच सांधे हलवावेत, हे त्यांचे सूत्र. त्याच सुमारास चीनमध्ये तिआनजिन शहरात नेमक्या उलट दिशेने प्रयत्न सुरू झाला.

चीनचे नाव निघाले की मराठी माणसाच्या मनात सोलापूरचे डॉक्टर द्वारकानाथ कोटणीस उभे राहतात. १९३८ मध्ये जपानी आक्रमणाशी झुंजणाऱ्या चीनला साह्य करण्यासाठी जे पाच भारतीय डॉक्टरांचे पथक गेले, त्यात कोटणीस होते आणि नागपूरचे डॉक्टर चोळकरही होते. आघाडीवर अहोरात्र शस्त्रक्रिया करीत कोटणीसांनी ९ डिसेंबर १९४२ रोजी, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, तेथेच देह ठेवला. ज्या देशाच्या जखमा बांधताना आपल्या एका माणसाने प्राण वेचले, त्या देशाने पुढे जखमा बांधण्याच्या शास्त्रात काय केले, हे जाणून घेण्यात आपणांस स्वारस्य असावे.

तिआनजिनच्या इस्पितळात फांग शिआनझी आणि शांग तिआनयू हे दोघे अस्थितज्ज्ञ होते. दोघांचे शिक्षण पाश्चात्त्य पद्धतीचे. पाश्चात्त्य विद्या शिकलेल्या डॉक्टरांनी देशी वैद्यक शिकावे, असा सरकारी आग्रह चीनमध्ये त्या काळी होता. सरकारी आग्रहाने पुष्कळदा केवळ अहवाल तयार होतात, हे सरकारी नोकरांपुढे आम्ही अधिक सांगावयास नको. येथे मात्र काही निराळे घडले. शांग तिआनयू यांनी पारंपरिक हाडवैद्यांकडे जाऊन त्यांचे हात कसे चालतात हे शिष्याच्या वृत्तीने पाहिले, त्यांची प्रत्येक क्रिया शरीररचनेच्या आणि क्ष-किरण चित्रांच्या कसोटीवर घासून घेतली, जे टिकले ते घेतले आणि जे टिकले नाही ते सोडले. १९६३ मध्ये पुढचा हात मोडल्यावरच्या या उपचाराचा वृत्तांत फांग, शांग आणि सहकाऱ्यांनी चिनी वैद्यकीय नियतकालिकात इंग्रजीतून प्रसिद्ध केला, आणि १९६६ मध्ये सर्व अस्थिभंगांवरचा ग्रंथ चिनी भाषेत निघाला.

त्यांच्या पद्धतीचे स्वरूप थोडे तपशिलाने पाहू, कारण खरी गंमत तपशिलात आहे. चीनच्या जुन्या वैद्यकातही हाड बसविण्याच्या हस्तक्रिया ठरलेल्या होत्या. १७४२ च्या एका राजमान्य वैद्यकग्रंथात त्या आठ सांगितल्या आहेत. चाचपणे, जोडणे, उचलणे, दाबणे, ढकलणे, चोळणे, अशी ती परंपरा. तिआनजिनच्या मंडळींनी त्या आधुनिक ज्ञानाच्या आधारे नव्याने मांडल्या. पहिली पायरी म्हणजे हाताने चाचपून मनाने ओळखणे. क्ष-किरणाचे चित्र सपाट असते, पण मोडलेले हाड तीन मितींत असते, म्हणून चित्र पाहूनही हाताने चाचपलेच पाहिजे. मग लांबीच्या दिशेने ताण, मग वळलेले सरळ करणे, मग दाबून-उचलून टोके भिडविणे. दोन टोके एकमेकांवर चढून बसली असतील आणि नुसत्या ओढण्याने सुटत नसतील, तर मोडलेल्या जागी कोन अधिक वाढवून टोके प्रथम भिडवावयाची आणि मग सरळ करावयाचे, ही युक्ती तर विलक्षणच. वाकलेले आणखी वाकवावे तेव्हा ते सरळ होते, असे हे शास्त्र.

मनगट आणि कोपर यांच्यामध्ये दोन हाडे शेजारी-शेजारी असतात. दोन्ही मोडली तर ती एकमेकांकडे ओढली जातात, आणि त्यांच्यातील अंतर नाहीसे झाले तर तळहात पालथा-उताणा करता येत नाही. म्हणजे घास घेता येत नाही आणि ओंजळही धरता येत नाही. प्लास्टर हे अंतर राखू शकत नसे. तिआनजिनकरांनी दोन हाडांमधल्या स्नायूंत बोटांनी चिमटून दाब देऊन हाडे दूर केली आणि त्याच जागी कातडीवर लहानशी लांबट घडी ठेवून वरून फळ्या बांधल्या. फळ्या लाकडाच्या अथवा बांबूच्या, लहान, अंगाच्या वळणाप्रमाणे वाकविलेल्या. वरून कापडी बंद. बंद किती घट्ट असावा, याचे त्यांनी घालून दिलेले माप कोणाही गृहिणीस समजेल असे आहे : बांधलेला बंद बोटाने वर-खाली सुमारे एक सेंटिमीटर सरकला पाहिजे. अधिक सरकला तर सैल, मुळीच न सरकला तर घातक. सुश्रुताचा मध्यम बंध आणि हा एक सेंटिमीटर यांत आम्हांस फारसा भेद दिसत नाही.

या फळ्या वरचे-खालचे सांधे बंदिस्त करीत नाहीत. पहिल्या दिवसापासून रोग्याने मूठ मिटावी-उघडावी, खांदा हलवावा, असा दंडक होता. स्नायू आकुंचन पावला की तो फळीच्या आत फुगतो, घडीवर दाब येतो, आणि तो दाब हाडाला जागेवर ठेवतो. म्हणजे हालचाल ही शत्रू न राहता उपचाराचीच चाकर होते. या अनुभवावरून त्यांनी चार तत्त्वे सांगितली : हालचाल आणि स्थैर्य यांची सांगड घालावी, हाडाइतकेच महत्त्व स्नायू-शिरांना द्यावे, बाहेरून आणि आतून असे दोन्ही उपचार करावेत, आणि रोग्याने वैद्याचा सहकारी व्हावे. यातील चौथे तत्त्व आम्हांस सर्वांत अवघड वाटते. आपल्याकडे रोगी एक तर देवावर हवाला ठेवतो, नाही तर डॉक्टरवर. स्वतः बोटे हलविण्याचे काम त्याला कोणी सांगत नाही, आणि सांगितले तरी तो करीत नाही.

ही पद्धत सर्वत्र पुरी पडली, असे मात्र नाही. मांडीचे जाड हाड, तिरकस मोडलेली नडगी, सांध्यात गेलेली मोड, ही हाताने जागेवर येतात पण फळीने जागेवर राहत नाहीत. तेव्हा चीनमधील अस्थितज्ज्ञांनीच पुढची पायरी घेतली. हाताने बसवावे, आणि ते राखण्यासाठी जेवढा लागेल तेवढाच धातू कातडीतून आत घालावा. कोठे बारीक तार, कोठे बाहेरच्या सांगाड्याला जोडलेल्या एक-दोन सळया, कोठे कातडीतून टोचलेल्या सळीने आतला तुकडा उचकटून जागी बसविणे. हात मोठे काम करतो आणि धातू पहारा देतो, अशी ही वाटणी.

पश्चिमेकडेही प्रवाह याच बाजूस वळत होता. स्टाइनमनची सळई १९०७ पासून आणि किर्शनरची तार १९०९ पासून ठाऊक होती. जर्मनीत कील येथे गेऱ्हार्ट क्युंट्शर याने १९३९ मध्ये मांडीच्या हाडाच्या पोकळीत लांब खिळा घालण्याची पद्धत काढली. युद्ध संपल्यावर दोस्त राष्ट्रांचे जे कैदी घरी परतले, त्यांपैकी काहींच्या मांडीत हा खिळा पाहून त्यांचे डॉक्टर थक्क झाले. मोडलेली जागा न उघडता, नितंबाजवळच्या लहानशा छेदातून हा खिळा जातो. आणि ज्या 'ए. ओ.' गटाने हाड उघडून तंतोतंत जुळविण्याचा आग्रह धरला होता, त्याच गटाच्या विचारांतही १९९० नंतर मोठा पालट झाला. हाड उघडताना त्यावरचे पातळ वेष्टण सोलले जाते, रक्तपुरवठा तुटतो, साकळलेले रक्त धुऊन जाते. म्हणजे निसर्गाची सामग्रीच आपण फेकून देतो, हे त्यांच्या ध्यानात आले. तेव्हापासून लांब हाडांच्या दांड्यासाठी मोडलेली जागा शक्यतो झाकलेलीच ठेवून, दूरच्या लहान छेदांतून पट्टी किंवा खिळा सरकविण्याकडे कल वाढला. सांध्यातील मोड मात्र आजही तंतोतंत जुळवावी लागते, आणि मोठ्या माणसाच्या पुढच्या हाताची दोन्ही हाडे मोडली तर बहुधा पट्ट्या बसविण्याचीच पद्धत आहे.

याचे रोजच्या व्यवहारातले उत्तम उदाहरण म्हणजे मुलांच्या कोपरावरची मोड. पाच-सात वर्षांचे मूल हात टेकून पडते आणि दंडाचे हाड कोपराच्या किंचित वर मोडते. आज चांगल्या इस्पितळात मुलाला भूल देतात, डॉक्टर हाताने ओढून, वळवून, कोपर दुमडून हाड बसवितात, क्ष-किरणाच्या पडद्यावर खात्री करतात आणि कातडीतून दोन-तीन बारीक तारा घालतात. चिरा नाही, टाके नाहीत. तीन-चार आठवड्यांनी त्या तारा बाह्यरुग्ण विभागातच काढतात. या उपचारातील मुख्य भाग कोणता? हाताने हाड बसविणे. ती हाडवैद्याचीच विद्या आहे. मात्र तिला भूल, क्ष-किरण आणि तार यांची जोड मिळाली आहे. ज्यास आपण अत्याधुनिक म्हणतो आणि ज्यास अडाणी म्हणतो, त्यांच्यातील अंतर आपण समजतो तेवढे नाही. आणि जे अंतर आहे ते हातात नसून, हाताला मिळालेल्या दृष्टीत आहे.

आता धोक्याची गोष्ट, आणि आमच्या मते या व्याख्यानातील एवढीच गोष्ट ध्यानात राहिली तरी पुरे. हाडाभोवतीचे स्नायू पक्क्या पिशव्यांत असतात. हाड मोडल्यावर आत सूज येते. वरून घट्ट पट्टी असेल तर दाब वाढून रक्त आत जाईनासे होते. सुमारे सहा तासांत स्नायू मरू लागतात आणि मेलेला स्नायू पुन्हा जिवंत होत नाही. हात आखडून पंजासारखा होतो. जर्मन शल्यविशारद फोल्कमन याने १८८१ मध्ये याचे वर्णन केले, म्हणून त्यास त्याचे नाव आहे. हा धोका हाडवैद्याच्या पट्टीने होतो, तसाच इस्पितळातील प्लास्टरनेही होतो, हे लक्षात ठेवावे. त्याची खूण एकच : हाड बांधल्यावर वेदना कमी व्हावयास हवी, ती वाढत जाते. बोटे दुसऱ्याने हळूच सरळ केली तरी मूल किंकाळी फोडते. बोटे बधिर, फिकट, गार पडतात. नाडी लागते म्हणून स्वस्थ बसू नये. नाडी सर्वांत शेवटी जाते. अशा वेळी, मध्यरात्र असली तरी, पट्टी अथवा प्लास्टर पूर्णपणे मोकळे करवून घेतलेच पाहिजे. उद्या सकाळी दाखवू, असे म्हणण्याची ही वेळ नव्हे.

दुसरे असे की, काही मोडी केवळ हाताच्या विद्येच्या कक्षेबाहेरच्या आहेत. कातडी फाटून हाडाला हवा लागली असेल, तर ती जखम स्वच्छ कापडाने झाकून, पाला अथवा लेप न लावता, लवकरात लवकर शस्त्रक्रियेची सोय असलेल्या इस्पितळात गेले पाहिजे. तेथे जंतुनाशक औषध जितके लवकर मिळेल तितके बरे. वृद्ध माणूस पडून खुबा मोडला, पाय आखूड होऊन बाहेर वळलेला दिसला, तर चोळणे आणि बांधणे व्यर्थ आहे. अशा रोग्यास अंथरुणाला खिळवून ठेवणे म्हणजे फुप्फुसाचा विकार, पाठीच्या जखमा आणि रक्ताच्या गुठळ्या यांस निमंत्रण देणे होय. प्रकृती सोशीत असेल तर शक्यतो दोन दिवसांच्या आत शस्त्रक्रिया करून माणसाला उठून बसविणे हाच आज मान्य झालेला मार्ग आहे. वय झाले, आता कशाला कापाकापी, हा आपल्याकडील प्रेमळ युक्तिवाद कित्येक म्हाताऱ्यांस भोवला आहे. सांध्यातील मोड आणि कण्याची मोड यांनाही अनुभवी अस्थितज्ज्ञाची नजर लागते.

उलट, प्रत्येक मोडीला शस्त्रक्रिया लागते असेही नाही. गळ्याजवळचे हाड, मुलांची बहुतेक मनगटे, दंडाच्या मधल्या कित्येक मोडी, वृद्धांच्या मनगटाच्या पुष्कळशा मोडी, या झोळी, प्लास्टर किंवा पट्ट्यांनी उत्तम जुळतात. तेव्हा डॉक्टरास नम्रपणे तीन प्रश्न विचारण्याचा आपणांस अधिकार आहे : हे हाताने बसविता येईल काय? बसले तर कशाने राहील? आणि कोणते सांधे मी आजपासून हलवावेत? चांगला डॉक्टर या प्रश्नांनी रागावत नाही. किंबहुना असा रोगी मिळाल्याचे त्याला समाधानच वाटते.

आपल्या देशात हाडवैद्य आहेत आणि अस्थितज्ज्ञही आहेत. पण दोघांची गाठ पडते ती बहुधा रोग्याचा हात बिघडल्यावर, आणि तीही एकमेकांस दोष देण्यासाठी. लिव्हरपूलला एका हाडवैद्याने आपली मुले विद्यापीठात धाडली. तिआनजिनला एका विशारदाने हाडवैद्यापुढे शिष्यत्व पत्करले. दोन्ही वाटांनी विद्या पुढे गेली. आपल्याकडील हाडवैद्यांच्या मुलांना क्ष-किरणाचे चित्र वाचावयास, घट्ट पट्टीचा धोका ओळखावयास आणि कोणता रोगी आपला नव्हे हे जाणावयास शिकविले, तर कित्येक हात-पाय वाचतील. आणि आपल्या तरुण अस्थितज्ज्ञांनी यंत्राच्या पडद्याबरोबर बोटांवरही विसंबावयास शिकावे, कारण लहान गावात रात्रीच्या वेळी पडदा नसतो, बोटे असतात.

जाता जाता एक सूचना करण्याची मुभा घेतो. पन्नास वर्षांत या मंडळाने गणेशोत्सव केले, नाटके केली, वाचनालय चालविले. एकमेकांस अडीअडचणीत धावून जाण्याची रीतही याच मंडळाने लावली. तिला पुढील वर्षात थोडी शिस्त लावावी. शहरात रात्रंदिवस अस्थितज्ज्ञ उपलब्ध असणारी इस्पितळे कोणती, तेथे आपल्यापैकी भाषा जाणणारा कोण सोबत येऊ शकेल, याची एक यादी करून प्रत्येक घरी द्यावी. वृद्ध राहतात त्या घरांच्या न्हाणीघरात भिंतीला दांडी बसवावी आणि निसरड्या फरशीवर रबराची चटई घालावी. हाड जोडण्याच्या सर्व विद्यांहून हाड न मोडू देण्याची ही विद्या स्वस्त आहे आणि तीस कोणाची पदवी लागत नाही.